अंबाझरीचा सांडवा आणि बर्डीची टेकडी: दोन अवघड घटक नव्याने शिकताना

चालू घडामोडींच्या वहीत डाव्या पानावर हिमतलावांचे (हिमनदीच्या वितळलेल्या पाण्याने झालेल्या तलावांचे) पूर आणि उजव्या पानावर ईस्ट इंडिया कंपनीवर ब्रिटिश सरकारचं नियंत्रण आणणारा १७८४ चा पिटचा कायदा, हे दृश्य मी दरवर्षी बघते. गडचिरोली, गोंदिया, वाशीमहून स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी नागपुरात येऊन अभ्यासिकेत नुकतीच जागा घेतलेली मुलं ही दोन्ही पानं एकाच पद्धतीने वाचतात. मुद्दे पाठ, तारखा पाठ, उद्या नवं पान. महिन्याभराने विचारलं तर पहिल्याचं उत्तर "हवामान बदल" आणि दुसऱ्याचं "बोर्ड ऑफ कंट्रोल" येतं. त्यापुढे शब्द फुटत नाही.

ही मुलं आळशी नसतात. बारा-बारा तास बसतात. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं की हे दोन्ही विषय साखळीसारखे उलगडायचे असतात: काय अडवलं होतं, कशाने अडवलं होतं, ते का सुटलं, आणि खाली कोण होतं. नागपुरात राहून हे शिकणं सोपं आहे, कारण दोन्ही विषयांची एकेक खूण याच शहरात आहे. खालच्या पायऱ्या मी माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांना देते त्याच आहेत. आठवडाभर पुरतात.

पहिली पायरी: वही न उघडता अंबाझरी तलावावर जा

सकाळी लवकर जा, तर्रीपोहे परतताना खा. बांधावर उभं राहून चार गोष्टी स्वतःच्या हाताने लिहा. पाणी कुठून येतं? कशाने अडलंय? जादा झालं तर कुठून निघतं? निघालं तर कुणाच्या दारात जातं?

२२ सप्टेंबर २०२३ च्या रात्रीनंतर या चौथ्या प्रश्नाचं उत्तर नागपूरकरांना कुणी शिकवावं लागत नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी भरून वाहिला, आणि पहाटेपर्यंत अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत पाणी घरात शिरलं. झोपेतून उठलेली माणसं गुडघाभर, मग कंबरभर पाण्यात उभी होती. नाग नदी एरवी जिला आपण नाला म्हणतो, तिने त्या पहाटे आपली जुनी वाट दाखवून दिली.

त्या दिवशी बरेच जण "तलाव फुटला" म्हणत होते. तलाव फुटला नव्हता. बांध टिकला होता, पाणी सांडव्यावरून ओसंडलं होतं. हा फरक वहीत मोठ्या अक्षरात लिहा, कारण पुढचा सगळा विषय त्याच्यावर उभा आहे. ओसंडणारा तलाव वरचं जादा पाणी सोडतो. फुटणारा तलाव भिंतीसकट येतो. नागपूरच्या पुरानंतर दहा-अकरा दिवसांनी, ३ ऑक्टोबरच्या रात्री, उत्तर सिक्कीममधला दक्षिण ल्होनाक तलाव खरोखर फुटला.

दुसरी पायरी: भिंत कशाची आहे ते समजून घ्या

अंबाझरीचा बांध माणसांनी बांधला. माती दाबली, दगड लावले, सांडवा ठेवला. हिमालयातल्या बहुतेक धोकादायक तलावांची भिंत कुणीच बांधलेली नसते. हिमनदी पुढे सरकताना दगड, वाळू, चिखल ढकलत नेते. ती मागे हटू लागली की हा सगळा ढीग जागीच राहतो. शाळेच्या भूगोलात तुम्ही याला हिमोढ म्हणून वाचलंय. टोकाला अंत्य हिमोढ, बाजूला पार्श्व हिमोढ. हिमनदी आणि अंत्य हिमोढ यांच्या मधल्या खड्ड्यात वितळलेलं पाणी साचतं आणि तलाव होतो. हिमनदी जितकी मागे जाते तितका तलाव लांबत जातो.

या ढिगाला सिमेंट नाही, गाभ्यात दाबलेली माती नाही. कित्येकदा गाभ्यात जुना बर्फच असतो. तो वितळला की वरचा ढीग खचतो. आतून पाणी झिरपून पोकळी होऊ शकते. पण सर्वात घातक प्रकार वेगळा आहे: बाजूच्या कड्यावरून बर्फ, खडक किंवा हिमोढाचा मोठा तुकडा तलावात कोसळतो, पाण्याची लाट उठते, ती भिंतीवरून उडी मारते आणि जाताना भिंत कापत नेते. एकदा कापायला सुरुवात झाली की प्रत्येक मिनिटाला खाच खोल होत जाते. अतिवृष्टी आणि भूकंप हेही निमित्त ठरतात.

काही तलाव बर्फाच्याच भिंतीने अडतात. श्योक नदीच्या खोऱ्यात हिमनदी आडवी येऊन नदी अडवायची आणि मग ती बर्फाची भिंत फुटायची. १९२९ चा पूर त्यातला प्रसिद्ध. हे टिपून ठेवा म्हणजे "हे सगळं गेल्या वीस वर्षांतलं" अशी समजूत होणार नाही. तापमानवाढीने धोका वाढवला, धोका जन्माला घातला नाही. उत्तरपत्रिकेत हे एक वाक्य नेमकं लिहिता आलं तर तपासणाऱ्याला कळतं की मुलाने विचार केला आहे.

विदर्भाच्या उन्हात बसून हिमनदी डोळ्यांसमोर आणणं अवघड जातं, हे मला मान्य आहे. म्हणून एक गोष्ट सांगते. चंद्रपूरजवळ इरईला हिमनदीने ओरखडलेल्या चुनखडकाची नोंद भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १८७० च्या दशकातच केली होती. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी, गोंडवन खंडाच्या काळात, आपल्या या भागावर बर्फ सरकत होता आणि त्याने ढकललेले गोटे तालचेर नावाच्या खडकांच्या थरांत अजून सापडतात. या सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं मुख्यालय सेमिनरी हिल्सला आहे. येता-जाता ती पाटी दिसली की हिमोढ आठवा.

तिसरी पायरी: दहा घटनांची यादी करू नका, एकच घटना मुळापासून शिका

ती घटना दक्षिण ल्होनाक असू द्या. तलाव सुमारे ५,२०० मीटर उंचीवर. हिमनदी मागे हटत गेल्याने कित्येक दशकं वाढत होता, आणि धोका कुणाला माहीत नव्हता असं मुळीच नाही. २०१६ मध्ये तिथे पाइप टाकून पाणी उपसण्याचा प्रयत्नही झाला होता. २०२३ च्या त्या रात्री तलावाच्या काठचा गोठलेला पार्श्व हिमोढ पाण्यात कोसळला. नंतरच्या शास्त्रीय अभ्यासानुसार कोसळलेला भाग जवळजवळ दीड कोटी घनमीटर होता आणि उठलेली लाट सुमारे २० मीटरची. लाटेने अंत्य हिमोढ फोडला आणि अंदाजे ५ कोटी घनमीटर पाणी तीस्तेच्या खोऱ्यात उतरलं. आपल्या पाटबंधारे खात्याच्या भाषेत ५० दलघमी (दशलक्ष घनमीटर). ज्यांच्या घरी गोसीखुर्द किंवा तोतलाडोह धरणाच्या साठ्याचे आकडे पावसाळ्यात रोज वाचले जातात, त्यांना हा आकडा लगेच कळेल. फरक इतकाच की हे पाणी पाच हजार मीटरवरून एका अरुंद दरीत, एका रात्रीत सुटलं.

चुंगथांगला तीस्ता-३ या १,२०० मेगावॅट प्रकल्पाचं ६० मीटर उंच धरण होतं. ते वाहून गेलं. पूल गेले, सिक्कीमचा रस्ता तुटला, लष्कराचे जवान वाहून गेले, आणि गाळाने तीस्तेचं पात्र पश्चिम बंगालपर्यंत वर उचललं. ही शेवटची गोष्ट मुलं हमखास सोडतात. अशा पुरात पाण्यापेक्षा त्यातला दगड-गाळ जास्त तोडफोड करतो, आणि पात्र उंचावल्यामुळे पुढच्या पावसाळ्यात साधा पूरही घरात शिरतो.

आता अंबाझरीवर लिहिलेले चार प्रश्न काढा आणि ल्होनाकसाठी उत्तरं भरा. मग एका पानावर तीस्तेचा नकाशा काढा: तलाव, चुंगथांग, खाली सिंगताम, मग बंगालचं मैदान. सुबक नको, चार ठिपके पुरेत. ठिपक्यांची जागा तेवढी नेमकी हवी.

चौथी पायरी: जे हिमतलावाचे पूर नाहीत ते वेगळे काढा

इथे गुण जातात. माझ्याकडे आलेल्या छापील नोट्सच्या एका गठ्ठ्यात ७ फेब्रुवारी २०२१ ची चमोलीची दुर्घटना सरळ हिमतलाव फुटण्याच्या यादीत होती, आणि त्या नोट्स वापरून तीन मुलांनी सराव परीक्षेत तेच लिहिलं. चमोलीत तलाव फुटला नव्हता. रोंती शिखराच्या उतारावरून खडक आणि बर्फाचा प्रचंड कडा तुटला, पडताना बर्फाचं पाणी झालं, आणि त्याचा लोंढा ऋषिगंगा व तपोवन-विष्णुगाड प्रकल्पांवर गेला. दोनशेच्या आसपास माणसं गेली, त्यात बोगद्यात काम करणारे कामगार होते. कुणाच्या मृत्यूचं कारण आपण चुकीचं लिहितो तेव्हा पुढची खबरदारीही चुकीच्या जागी घेतली जाते, म्हणून मी याबद्दल हट्टी आहे.

दुसरं उदाहरण पारेचूचं. २००५ मध्ये सतलजला पूर आला तो तिबेटात दरड कोसळून तयार झालेल्या तलावामुळे. दरडीचा तलाव, हिमनदीचा नव्हे. तिसरं केदारनाथ, जून २०१३: तिथे चोराबारी हा हिमनदीकाठचा तलाव फुटला खरा, पण त्याआधी अतिवृष्टी होतीच आणि उत्तराखंडातलं बाकीचं नुकसान एकट्या चोराबारीच्या माथी मारता येत नाही. नेपाळमधलं दिग त्शो (१९८५) आणि भूतानमधलं लुग्ये त्शो (१९९४) ही मात्र निर्विवाद उदाहरणं आहेत.

आकडे थोडेच ठेवा, पण पक्के ठेवा. इस्रोने उपग्रह चित्रांवरून हिमालयीन नदीखोऱ्यांत १० हेक्टरपेक्षा मोठे २,४३१ तलाव मोजले. त्यातले ६७६ तलाव १९८४ पासून लक्षणीय वाढले आणि त्यापैकी १३० भारतात आहेत. हिमाचलचा घेपांग घाट तलाव १९८९ ते २०२२ दरम्यान ३६ हेक्टरवरून १०१ हेक्टरवर गेला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना २०२० च्या, आणि चार राज्यांसाठी १५० कोटींचा केंद्राचा कार्यक्रम २०२४ चा. उपाय लिहिताना पाणी पातळी कमी करणं, इशारा यंत्रणा, आणि दरीच्या तळाशी बांधकाम रोखणं हे तीन क्रमाने लिहा. नेपाळने २०१६ मध्ये इम्जा तलावाची पातळी तीन मीटरहून जास्त उतरवली, हे पहिल्या उपायाचं उदाहरण.

इथे एक दिवस सुट्टी घ्या. डोकं एका विषयातून बाहेर आल्याशिवाय दुसऱ्यात शिरत नाही.

पाचवी पायरी: बर्डीची टेकडी बघा आणि एक कलम वाचा

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, वर्षातले मोजकेच दिवस तो लोकांसाठी उघडतो. पण टेकडी स्टेशनच्या बाजूने रोज दिसते. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि कंपनीची फौज इथे लढली आणि नागपूरचं राज्य प्रत्यक्षात कंपनीच्या मुठीत गेलं.

आता १७८४ च्या पिटच्या कायद्यातलं ३४ वं कलम आठवा. त्यात ब्रिटिश संसदेने म्हटलं होतं की भारतात जिंकत सुटणं आणि मुलूख वाढवणं हे ब्रिटिश राष्ट्राच्या इच्छेला, प्रतिष्ठेला आणि धोरणाला न शोभणारं आहे. मग ३३ वर्षांनी कंपनीची फौज बर्डीवर काय करत होती? हा प्रश्न घेऊन पुढचं वाचा. त्याशिवाय हे कायदे म्हणजे नुसती सनावळी.

सहावी पायरी: प्रत्येक कायद्याला "आधीचा कुठे गळला?" विचारा

सुरुवात १६०० पासून. कंपनी म्हणजे लंडनच्या व्यापाऱ्यांची, भागधारकांची खासगी संस्था, राणीच्या सनदेवर मक्तेदारी मिळालेली. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी मिळाली आणि दुकानदाराच्या हाती महसूल आला. १७६७ पासून ब्रिटिश सरकारने या कमाईतून वर्षाला चार लाख पौंड मागून घेतले. हे लक्षात ठेवा: नियंत्रणाच्या आधी वाटा आला. मग १७७० चा बंगालचा भीषण दुष्काळ. तिथली किमान एक तृतीयांश माणसं गेली असावीत, असं पुढे बंगालचा गव्हर्नर झालेल्या वॉरन हेस्टिंग्जनेच लिहिलं. त्या काळातही महसूल वसूल होत राहिला, लंडनमध्ये लाभांश वाढवला गेला, नोकरशहा श्रीमंत होऊन परतले, आणि १७७२ मध्ये कंपनीच दिवाळखोरीच्या काठावर येऊन सरकारकडे कर्ज मागू लागली.

कर्ज मिळालं, चौदा लाख पौंडांचं, आणि सोबत १७७३ चा नियामक कायदा आला. बंगालचा गव्हर्नर हा गव्हर्नर जनरल झाला, चार जणांचं मंडळ मिळालं, कलकत्त्यात सर्वोच्च न्यायालय आलं, आणि कंपनीच्या संचालकांना महसूल, मुलकी, लष्करी पत्रव्यवहार सरकारपुढे ठेवणं बंधनकारक झालं.

कुठे गळला? निर्णय बहुमताने होते आणि हेस्टिंग्जच्या मंडळातले तिघे सदस्य त्याच्या विरोधात गेले, म्हणून गव्हर्नर जनरल स्वतःच्याच बैठकीत हरत राहिला. न्यायालयाचा अधिकार कुणावर चालतो ते स्पष्ट नव्हतं. ते १७८१ मध्ये काहीसं दुरुस्त झालं. आणि लंडनमध्ये कागद सरकारपुढे येत होते, पण त्यांवर हुकूम देणारं कुणी नव्हतं.

हे शेवटचं छिद्र १७८४ ने बुजवलं. सहा आयुक्तांचं नियंत्रण मंडळ, म्हणजे बोर्ड ऑफ कंट्रोल, मुलकी-लष्करी-महसुली कारभारावर बसलं. व्यापार आणि नेमणुका संचालक मंडळाकडे राहिल्या. गुप्त आदेश तीन संचालकांच्या समितीमार्फत जाऊ लागले. गव्हर्नर जनरलचं मंडळ तिघांचं झालं. यालाच दुहेरी शासन म्हणतात, पण क्लाइव्हच्या बंगालमधल्या दुहेरी राज्यव्यवस्थेशी त्याची गल्लत करू नका. ती १७६५ ची, नवाब आणि कंपनी यांच्यातली.

नेमणुका संचालकांकडे का ठेवल्या? कारण १७८३ मध्ये तेव्हाचा मंत्री फॉक्स याच्या विधेयकाने त्या काढून घ्यायचा प्रयत्न केला होता आणि त्यावरून मंत्रिमंडळच पडलं. त्यानंतर आलेला पंतप्रधान पिट शहाणा. आपल्या ओळखीच्या मुलाला भारतात नोकरी लावून देण्याचा हक्क त्याने संचालकांना ठेवू दिला आणि राज्य काढून घेतलं.

आता बर्डीचा प्रश्न. कलम ३४ ला अपवाद होता: शत्रूने युद्ध सुरू केलं किंवा तयारी केली, तर गव्हर्नर जनरलला लंडनची वाट बघावी लागत नव्हती. आणि आफ्रिकेच्या टोकाला (केपला) वळसा घालून जहाजाने पत्र जायचं तर महिनोन् महिने लागत. "समोरचा तयारी करतोय" हे ठरवणारा माणूस कलकत्त्यात, त्याला जाब विचारणारा लंडनमध्ये. शिवाय १७८६ मध्ये कॉर्नवॉलिससाठी कलकत्त्यातल्या आपल्या मंडळाचा निर्णय डावलण्याचा अधिकारही गव्हर्नर जनरलला दिला गेला. कागदावर नियंत्रण घट्ट झालं आणि जागेवरचा माणूस जास्त ताकदवान झाला. १८०३ चा देवगावचा तह, ज्यात भोसल्यांनी कटक गमावलं, आणि १८१७ ची बर्डीची लढाई, दोन्ही या फटीतून आत आल्या. एक सावधगिरी: १८१७ चा गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज, वॉरन हेस्टिंग्ज नव्हे. दरवर्षी कुणीतरी चुकतंच.

पुढचे कायदे वेगाने घ्या, पण प्रश्न तोच ठेवा. १७९३: सनद वीस वर्षांसाठी वाढली, नियंत्रण मंडळाचा पगार भारतीय महसुलातून. म्हणजे देखरेखीचा खर्चही आपणच भरला. १८१३: चहा आणि चीनचा व्यापार सोडून मक्तेदारी संपली, शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपये. १८३३: कंपनीचा व्यापारच बंद, बेंटिंक भारताचा गव्हर्नर जनरल, मंडळात कायदा सदस्य मेकॉले. १८५३: मुदत न घालता सनद, नोकऱ्यांसाठी खुली स्पर्धा, म्हणजे पिटने सोडलेला हक्क सत्तर वर्षांनी गेला.

१८५३ नागपूरच्या मुलाने कधीच विसरू नये. त्याच वर्षी डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले पुत्राविना वारले, आणि १८५४ मध्ये डलहौसीने दत्तक नाकारून राज्य खालसा केलं. भोसल्यांच्या वाड्यातले दागिने, सामान, जनावरं लिलावात निघाली. चार वर्षांनी, १८५८ मध्ये, राज्य कंपनीकडून राणीकडे गेलं, नियंत्रण मंडळ आणि संचालक मंडळ दोन्ही गेली, आणि भारतमंत्री व पंधरा जणांचं मंडळ आलं. कंपनी कायद्याने विसर्जित झाली ती १८७४ मध्ये.

सातवी पायरी: दोन उत्तरं, घड्याळ लावून

राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे, त्यामुळे लिहिण्याला पर्याय नाही. प्रत्येकी १५० शब्द, आठ मिनिटं.

पहिला प्रश्न: हिमालयातील हिमतलाव फुटण्याची कारणे सांगून जलविद्युत प्रकल्पांवरील परिणाम स्पष्ट करा. व्याख्येत शब्द घालवू नका. भिंत, निमित्त, मार्ग, माणसं या क्रमाने जा, ल्होनाक मध्ये आणा, छोटा नकाशा बाजूला.

दुसरा: पिटच्या कायद्याने कंपनीवरील नियंत्रण खरोखर प्रस्थापित झाले का? पहिल्या परिच्छेदात १७७३ ची गळती, दुसऱ्यात नियंत्रण मंडळ, तिसऱ्यात कलम ३४ आणि बर्डी. उत्तर "हो" किंवा "नाही" असं एका शब्दात देऊ नका, "लंडनमध्ये हो, कलकत्त्यात अर्धवट" असं काही स्वतःचं मत द्या आणि पुराव्याने पेलून धरा.

लिहून झालं की शेजारच्या मुलाला वाचायला द्या. त्याला जिथे "मग काय झालं?" विचारावंसं वाटेल तिथे तुमच्या साखळीची एक कडी गहाळ आहे. तिथे लाल खूण करा. पुढच्या रविवारी वही बंद ठेवून दोन्ही साखळ्या कोऱ्या कागदावर पुन्हा काढा, आणि सुरुवात त्या लाल खुणेपासून करा.